जुन्या घराची स्वयंपाकखोली: सुरुवात मोरीपासून

आमच्या घरची पहिली दुरुस्ती दोन श्रावण टिकली. मातीच्या भिंतीवर कोंबडीजाळी, तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ओट्याच्या मागे पांढऱ्या टाइल्स. पहिल्या वर्षी शेजारपाजारचे मुद्दाम बघायला येत. दुसऱ्या पावसाळ्यात एका पहाटे धाडकन आवाज झाला. आई अंथरुणातूनच म्हणाली, "मांजर गेली वाटते." जाऊन पाहतो तर ओट्यामागचा भलामोठा पोपडा टाइल्ससकट मिक्सरवर आला होता. उघड्या पडलेल्या मातीत बोट दाबलं तर कणकेत जावं तसं आत गेलं.

त्या भिंतीत पाणी दोन वर्षं साठत होतं. मातीची भिंत खालून ओल ओढते आणि अंगावरून वाळते. आम्ही तिचं अंगच सिमेंटनं बंद केलं होतं. मिस्तरीला बोल लावून उपयोग नव्हता, टाइल्सचा हट्ट आमचाच होता.

शहरातली नोकरी आटोपून गावी यायचं ठरलंय, बापजाद्यांचं घर मातीचं आहे आणि "स्वयंपाकखोली तेवढी नीट करून घेऊ" असं घरात चाललंय, अशांसाठी हे लिहितो आहे. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. पण अमरावती-यवतमाळकडेही जुनी घरं साधारण अशीच दिसतात. पुढे सपरी म्हणजे ओसरी, मग माजघर, त्यामागे अंधारी स्वयंपाकखोली आणि मागच्या दारी सांदवाडी, म्हणजे परसू. वर कवेलू म्हणजे कौलं, नाहीतर माकडांनी कवेलू फोडून फोडून जीव नकोसा केल्यावर टाकलेले टिन.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी बाहेरचं पाणी, मग छप्पर, मग भिंत, मग जमीन आणि ओटा, मग वायरिंग. टाइल्स आणि रंग सगळ्यात शेवटी. दुकानात जाऊन आधी टाइल्स पसंत करून आलात की बाकीची सगळी कामं त्या टाइल्सच्या घाईनं होतात.

कधी काढायचं काम

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत गावात मजूर मिळणार नाही. सोयाबीन, मग कापसाची वेचणी, मग तूर. एप्रिल-मे मध्ये माणसं मोकळी असतात, पण तेव्हा विहिरी तळाला जातात आणि ४५ अंशांच्या उन्हात मातीचा गिलावा वाळण्याआधीच तडकतो. म्हणून खोदकाम आणि भिंतीचं काम संक्रांत ते शिमगा या दिवसांत उरका. शिमग्यानंतर छप्पर हातात घ्या आणि अक्षय तृतीयेपर्यंत संपवा. मृग ७ जूनच्या सुमाराला लागतो. त्याच्या आदल्या आठवड्यात छपरावर माणूस चढवायची वेळ आली तर तो म्हणेल ती मजुरी द्यावी लागते.

क्रम छपराच्या आधी भिंत असा उलटा का, असं कुणी विचारेल. छपराची दुरुस्ती मोठी असेल, वासे-बल्ल्या बदलायच्या असतील, तर छप्परच आधी करा. नुसतं कवेलू फेरणं असेल तर ते शेवटी झालं तरी चालतं.

दोन महिने स्वयंपाक कुठे होणार हेही आधीच ठरवा. आमच्याकडे सपरीत टेबल टाकून शेगडी मांडली होती. घरातल्या बायकांना हे काम सुरू झाल्यावर कळवणारे पुरुष मी पाहिले आहेत. त्यांच्या घरी ते दोन महिने कसे गेले, तेही पाहिलं आहे.

आणखी एक. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर घर कुणाच्या नावावर आहे ते बघून घ्या. भिंत चुलतभावाच्या घराशी सामाईक असेल तर पहिली कुदळ मारायच्या आधी त्याच्याकडे जाऊन चहा प्या.

भिंत हलते आहे का?

काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. घराचा पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर घरही या फुगण्या-आटण्याबरोबर हलतं. भिंतीला भेग दिसली की लगेच बुजवू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंची सुटी माती खरवडा, भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवा, तिची दोन्ही टोकं पीओपीनं पक्की करा आणि बाजूला तारीख लिहा. काच फुटली तर भेग जिवंत आहे. एक पावसाळा पाहता आला तर उत्तम, नाहीतर दोन महिने तरी पाहा. ओळंबा सोडून भिंत कलली आहे का तेही बघा. भिंतीला पोट आलं असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी जाणत्या अभियंत्याला बोलवा.

बाहेरचं पाणी

खरं काम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

सांदवाडीत जाऊन मोरीचं पाणी कुठे पडतं ते बघा. आमच्याकडे भिंतीतून वीतभर नळी बाहेर आलेली, खाली कायमचं चिखलाचं डबकं, त्यात अळू आणि कोंबड्या. तीस वर्षं खरकटं पाणी पायाशीच मुरत होतं. खाली काळी माती, त्यात एका बाजूनं बारमाही ओल आणि दुसरी बाजू कोरडी. तिरकी भेग नेमकी त्याच कोपऱ्यातून निघाली होती.

सिंकखालून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप काढा. फुटामागे पाव इंच उतार द्या. त्याहून कमी दिला की भाताची शितं साचतात. भिंतीबाहेर पडल्यावर जाळी बसवलेलं छोटं चेंबर बांधा, म्हणजे खरकटं तिथेच अडतं आणि हातानं काढता येतं. तिथून पाइप भिंतीपासून दहा-बारा फूट तरी लांब न्या.

पुढे शोषखड्डा करा असं सगळेच सांगतात. आपल्याकडे त्यात एक गोम आहे. काळ्या मातीत पाणी जिरत नाही. तीन फूट खणून दगड भरले की महिनाभरात खड्ड्याचं डबकं होतं. मुरूम लागेपर्यंत खणा, मग त्यात बादलीभर पाणी ओता आणि झाकून ठेवा. सकाळी पाणी तसंच असेल तर तिथे शोषखड्ड्याचा नाद सोडा. ते पाणी चर काढून केळी, कर्दळ, अळवाकडे वळवा. आमच्या दोन केळींनी सबंध घराचं सांडपाणी पचवलं. घरची विहीर असेल तर खड्डा तिच्यापासून ५० फूट तरी लांब हवा.

छपराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे भिंतीच्या बुडाशी दोन फूट रुंद फरशीचा पट्टा टाका, उतार बाहेरच्या बाजूला. दिसायला किरकोळ काम, पण पायाशी पाणी जाणं यानं बरंच थांबतं.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर बोअरच्या पाण्यानं गिलावा कालवू नका. भिंतीवर खार फुटतो आणि रंग पापुद्र्यानं निघतो. गोडं पाणी टँकरनं आणावं लागलं तरी आणा. नळासाठी लोखंडी पाइप तर तिथे घालूच नका.

छप्पर आणि उजेड

या खोल्या अंधाऱ्या असतात कारण धूर आणि ऊन या दोन्हींचा विचार करून त्या बांधल्या होत्या. खिडकी लहान, कवेलूंच्या फटीतून धूर आपला निघून जाई. आता चूल गेली, गॅस आला, अंधार मात्र राहिला. मंगलोरी कवेलू असतील तर त्याच मापाची काचेची कवेलू मिळतात. दहा बाय बाराच्या खोलीला दोन पुरतात. ती ओट्याच्या बरोबर वर न बसवता थोडी पुढे बसवा, नाहीतर मे महिन्यात पोळ्या लाटणाऱ्या माणसाच्या डोक्यावर भर दुपारचं ऊन येतं.

टिन असेल तर त्याच्या खाली सहा-आठ इंच जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बसवा आणि दोन्ही टोकांना हवा जायला फट ठेवा. वरून टिनाला दर उन्हाळ्यात चुना मारा. आमच्या खोलीत यानं पंख्याखाली बसण्यासारखं झालं, याहून जास्त दावा करत नाही. गॅसच्या थेट वर मात्र बांबू नको, तिथे सिमेंटचा पत्रा लावा. शेगडीच्या बाजूच्या भिंतीत उंचावर एक्झॉस्ट पंखा आणि समोरच्या बाजूला खिडकी असली की फोडणीचा ठसका माजघरात जात नाही.

भिंतीचा गिलावा

सिमेंटचा पोपडा पडल्यावर गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला बोलावलं. आयुष्यभर कवेलू फेरली आणि भिंती घातल्या. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बापू, मातीले मातीच धरते. सिमेट नको लावजो आता."

पुढचा आठवडा त्यांच्याकडून शिकण्यात गेला. गावठाणाची पांढरी माती चाळायची. काळी वापरायची नाही, ती तडकते. त्यात गव्हाचं कुटार म्हणजे भुसा आणि शेण घालून पाण्यानं मळायचं आणि आठ-दहा दिवस झाकून मुरू द्यायचं, रोज पायानं तुडवायचं. वास येऊ लागतो, नाक मुरडू नका, कुटार कुजून मातीला चिकटपणा येतो तो त्यातूनच. मग भिंतीवर फूटभर चौकोनात नमुना लावायचा. तीन दिवसांत त्याला चिरा पडल्या तर रेती किंवा कुटार वाढवायचं. हातानं चोळल्यावर भुसभुशीत सुटली तर माती वाढवायची. नमुना जमल्याशिवाय अख्ख्या भिंतीला हात लावायचा नाही.

लावताना भिंत आधी पाण्यानं भिजवून घ्या. अर्धा इंचाचा एक हात, तो पुरता वाळला की पातळ दुसरा. वर चुन्याचा हात द्यायचा. कळीचा चुना रात्रभर विझवा, पण विझवताना पाणी उकळ्या मारतं, तेव्हा पोरांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा. प्लास्टिकचा चकचकीत रंग मातीवर लावलात तर सिमेंटचीच गोष्ट पुन्हा होते.

माती फार काळ टिकत नाही असं वाटत असेल तर एखाद्या रविवारी सेवाग्रामला जाऊन या. बापूकुटीच्या मातीच्या भिंती १९३०च्या दशकातल्या आहेत. दरवर्षी थोडी डागडुजी लागते, ती तेवढी मनापासून करावी लागते.

ओटा

"मग सिंकमागचं पाणी उडेल त्याचं काय?" हा प्रश्न बरोबर आहे. तिथे माती चालत नाही. त्यावर उपाय असा की ओट्याच्या मागे विटांची ४ इंची वेगळी भिंत उभी करायची, ओट्यापासून दोन फूट वरपर्यंत, स्वतःच्या पायावर, मातीच्या भिंतीपासून इंचभर सुटी. टाइल्स हिच्यावर लावा. वरची फट कडप्प्याच्या पट्टीनं झाका आणि दोन्ही टोकांना बारीक जाळी लावा. हवा खेळेल आणि विंचू, झुरळं आत जाणार नाहीत. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीज केंद्रांमुळे राखेच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात. एकसारख्या मापाच्या असल्यानं या पातळ भिंतीला त्या बऱ्या.

ओट्याचा भारही मातीच्या भिंतीवर टाकू नका. दर दोन फुटांवर विटांची उभी पट्टी, तिच्यावर कडप्पा, वर ग्रॅनाइट. रुंदी दोन फूट पुरे.

उंची ठेकेदार सांगेल ती घेऊ नका. आमच्या ठेकेदारानं बोलता बोलता ३४ इंचांवर खूण केली. आईची उंची चार फूट दहा इंच. तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगितला आणि कोपराशी गेरूनं रेघ मारली. जमिनीपासून साडेछत्तीस भरली. त्यातून पाच-साडेपाच इंच वजा केले, ओटा ३१ वर आला. मग त्या उंचीवर पोळपाट ठेवून तिला खोटी खोटी पोळी लाटायला लावली. तिनं दोनदा लाटणं फिरवलं आणि म्हणाली, "हे बरं हाय. खांदे वर जात नाहीत." खोलीत जो सगळ्यात जास्त उभा राहणार त्याच्या मापानं ओटा करा. बाकीचे वाकतील.

ओट्याखाली प्लायवूडच्या ट्रॉल्या करायचा मोह होईल. उधई, म्हणजे वाळवी, मातीच्या घरात कायमची भाडेकरू असते आणि प्लाय तिला मेजवानीच. कडप्प्याचे कप्पे करा, दारं ॲल्युमिनियमची लावा. जुनं सागवानी फडताळ असेल तर टाकू नका, फक्त त्याचे पाय जमिनीपासून उचलून दगडावर ठेवा आणि पाठ भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवा.

जमिनीला मोरीकडे उतार द्यायला विसरू नका, आठ फुटांना एक इंच. शहाबादी फरशी मला टाइल्सपेक्षा बरी वाटते. ओल्या पायानं सहसा घसरत नाही.

वीज आणि गॅस

मातीच्या भिंतीत वायर पुरू नका, उंदीर कुरतडतात आणि कुठे तुटली ते कळत नाही. पाइप भिंतीवरूनच घ्या, बरे दिसत नाहीत पण दिसतात, हाच फायदा. फ्रिज आणि इंडक्शनला १६ अँपिअरचं सॉकेट, त्याला ४ चौरस मिलिमीटरची वायर. बोर्ड सिंकपासून लांब. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण) आणि नीट अर्थिंग यावर पैसे वाचवू नका, टिनाच्या घरात तर अजिबात नाही.

सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीच्या खालच्या पातळीवर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूला भोकं हवीत आणि तो खड्ड्यात कधीच ठेवू नये. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि तिच्यावरची तारीख पाहून पाच वर्षांत बदला. गळतीचा संशय आला तर १९०६ हा क्रमांक आहे. तो सिलिंडरच्या वर भिंतीवर लिहून ठेवा.

चूल मोडू नका, फक्त सांदवाडीत शेडखाली न्या. रोडगे, आंघोळीचं पाणी, उन्हाळ्यातल्या कुरड्यांचा चीक, हे सगळं तिथे. पण पऱ्हाटी-तुराट्यांचा, म्हणजे कापसा-तुरीच्या वाळल्या काड्यांचा ढीग घराच्या भिंतीला लावून रचू नका. उधई आणि साप दोघंही तिथूनच घरात येतात.

जेवणाची जागा

आता माजघर आणि स्वयंपाकखोलीमधली भिंत. ती पाडून सगळं मोकळं करायचं मोबाइलवरच्या फोटोंनी डोक्यात भरलेलं असतं. आधी वर बघा. मयाल, म्हणजे छपराचा भार घेणारी तुळई, लाकडी खांबांवर टेकली असेल तर भिंत नुसती आडोसा आहे, मागे बल्ल्यांचा टेकू देऊन काही भाग उघडता येतो. मयाल भिंतीतच घुसली असेल तर ती भिंत घर उचलून धरते आहे, ती पाडू नका. फार तर तीन फुटांची खिडकी काढा, तिच्या वरच्या तुळईची टोकं दोन्हीकडे फूटभर भिंतीत बसवा, खिडकीतून ताटं इकडून तिकडे देता येतात. आम्ही हेच केलं आणि भिंत पाडली नाही याचा आज आनंद आहे.

टेबल घ्यायचं की नाही यावर आमच्याकडे महिनाभर वाद झाला. वडिलांचे गुडघे खाली बसू देत नव्हते. आई म्हणत होती, "महालक्ष्म्यांच्या दिवशी टेबलावर किती जण बसवशील?" तिचं गणित खरं होतं. पंगतीत एका माणसाला दोन फूट रुंदी लागते, ताटासकट साडेतीन फूट खोली. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद माजघरात समोरासमोर दोन पंगती बसल्या की बारा जण होतात आणि मध्ये वाढणाऱ्याला तीन फूट वाट राहते. आंबिलाचं भांडं घेऊन फिरणारीला तेवढी वाट हवीच. त्याच खोलीत सहा खुर्च्यांचं टेबल टाकलं की सहाच.

शेवटी खिडकीखाली भिंतीला लागून १७ इंच उंच, सव्वा फूट रुंद ओटली बांधली, वर शहाबादी. समोर घडीचं टेबल, जे एरवी भिंतीला टेकून उभं राहतं. वडील त्यावर जेवतात. महालक्ष्म्यांना टेबल सपरीत जातं, ओटलीवर म्हातारी माणसं बसतात, बाकीची खाली पाटावर. ओटली मातीची केली तरी चालेल, पण बसायची कड विटांची करा, मातीची कड झिजते. जेवणाच्या जागेत हात धुवायचं भांडं बसवणार असाल तर त्याचं पाणीही बाहेरच्या चेंबरलाच न्या.

सगळं झालं, चुना वाळला, भांडी रचली गेली की काचेची पट्टी काढू नका, तिथेच राहू द्या. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडेल त्या रात्री बॅटरी घेऊन खोलीतून एक फेरी मारा. कवेलूंखाली, खिडकीच्या कोपऱ्यात आणि ओट्यामागच्या पट्टीच्या जाळीत उजेड टाका. सकाळी सांदवाडीत जाऊन चेंबरचं झाकण उघडा आणि भिंतीच्या बुडाला तळहात लावून बघा. हाताला गार लागलं तर चालेल, ओलं लागलं तर पागोळ्यांचा पट्टा आणखी फूटभर रुंद करून घ्या.